तांदळाच्या पानातला चैत्र

शनिवारची सकाळ. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेभोवतीच्या टेकड्या अजून हिरव्या आहेत. महिन्याभरात त्या वाळून पिवळ्या पडतील. आज चैत्री पौर्णिमा. शेजारच्या व्हिएतनामी आजींचं पंचांगही चंद्रावर चालतं. घर बौद्ध, त्यामुळे पौर्णिमेला शाकाहार. एरवी त्यांच्या ‘गॉय कुओन’मध्ये कोळंबी आणि डुकराचं मांस असतं, आज टोफू, भाज्या आणि पाला. गॉय म्हणजे कोशिंबीर, कुओन म्हणजे गुंडाळणं.

मी त्यांना ‘बा’ म्हणते. त्यांच्या भाषेत बा म्हणजे आजी. त्या बोलतात, नात मला इंग्रजीत सांगते, आणि उरलेलं आजींचे हात सांगतात.

गॅसचं काम केव्हाच संपलंय: तांदळाच्या शेवया उकडून गार पाण्यातून काढल्या, टोफूच्या पट्ट्या परतल्या, शेंगदाणे भाजले. आता ओट्यावर ताटं मांडली आहेत. लेट्यूसची पानं, काकडी, काडीसारखं चिरलेलं गाजर, पुदिना, आणि ‘तिआ तो’ नावाचं एक पान, वरून हिरवं, खालून जांभळं. चुरगळून वास घेते. पुदिन्याहून उग्र, पण हवाहवासा.

आजी पाकिटातून तांदळाचं एक गोल पान काढून माझ्या हातात देतात. पापडासारखं कडक, पलीकडचं दिसेल इतकं पातळ. खिडकीशी धरल्यावर त्यावर बारीक जाळी उमटलेली दिसते. बांबूच्या ज्या तट्ट्यावर ही पानं वाळतात, त्याच्या विणीचा तो ठसा. उकळत्या भांड्यावर कापड ताणून बांधायचं, त्यावर तांदळाचं पातळ पीठ पसरायचं, वाफ आली की अलगद उचलून उन्हात टाकायचं. म्हणजे या आमच्या सालपापड्याच की! आई याच दिवसांत गच्चीवर धोतराच्या पानावर त्या वाळत घालायची.

नात सांगते, आजींच्या माहेरी, ताय निन्ह प्रांतातल्या त्रांग बांगला, काही पानं रात्री दवात ठेवतात. ती तेवढ्यानेच मऊ होतात, पाण्यात बुडवावी लागत नाहीत.

आमच्या पानांना मात्र पाणी लागतं. परातीतल्या कोमट पाण्यात मी पान सोडते आणि मऊ व्हायची वाट बघते. उचलायला जाते तर ते बोटांनाच लपेटतं आणि फाटतं. आजी मान हलवतात. दुसरं पान त्या पाण्यातून नुसतं फिरवून, ताठ असतानाच पाटावर ठेवतात. बघता बघता ते पाटावरच नरम पडतं.

आपल्या बाजूला लेट्यूस, त्यावर चिमूटभर शेवया, गाजर, काकडी, टोफू. पलीकडच्या मोकळ्या भागावर पुदिन्याची तीन पानं, पालथी. जवळची कड सारणावर ओढून बोटांनी घट्ट दाबायची, दोन्ही बाजू आत दुमडायच्या, मग पुढे लोटायचं. शेवटच्या वेढ्यात पुदिना वर येतो आणि पानाआडून हिरवा दिसू लागतो. मी सारण जास्त घेतलं की आजी न बोलता त्यातलं अर्धं काढून ठेवतात.

वळलेल्या गुंडाळ्या ताटात सुट्या सुट्या लागतात, कारण एकमेकींना टेकल्या की चिकटतात. वर ओलं फडकं. चटणी म्हणजे सोयाबीनचा गोडसर काळा सॉस पाण्याने सैल करून त्यावर दाण्याचं भरड कूट.

पहिली गुंडाळी आजी मला देतात. दातांखाली आधी पानाचा चिवटपणा, मग काकडीचा करकरीत गारवा, शेवटी पुदिना. फोडणी नाही, मसाला नाही. शिळी काकडी किंवा मलूल पाला इथे लपूच शकत नाही.

घरी करणार असाल तर भाजी त्याच सकाळची आणा, पान पाण्यात विसरू नका आणि सारण कमी घ्या. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका, तिथे पान वातड होतं. माणसं पाटाभोवती बसवा. ज्याने वळली त्याने तिथेच खावी.