दुसरा फ्लॅट घ्यायचा का? भाड्याच्या घराचं सोलापुरी गणित

या भागाचं हे लिखित रूप. "आकडे भराभर बोलता, लिहून टाका की ओ," असे मेसेज येतात, म्हणून आज सगळे आकडे इथे नीट मांडलेत.

विषय आमच्या घरातलाच आहे. पप्पा रिटायर झाले, हातात पैसे आले. जुळे सोलापुरात आमचा एक फ्लॅट आधीपासून भाड्याने दिलेला आहे. पप्पा म्हणाले, "अजून एक घेऊन टाकू. पेन्शनसारखं भाडं येत राहील." मी बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे एक्सेल उघडायचं काम माझ्याकडे आलं.

आधी आकडे

एजंटने दाखवलेला टू बीएचके ३५ लाखांचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी, ग्रिल, पंखे, गिझर धरून साडेसदतीस लाख. त्याच बिल्डिंगमध्ये भाडं चाललंय ९,००० रुपये. पप्पांचा हिशोब सरळ होता: वर्षाचे १ लाख ८ हजार.

आता माझा हिशोब. भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं, म्हणून वर्षात ११ महिनेच धरले: ९९,०००. त्यातून घरपट्टी ८,०००, सोसायटी मेंटेनन्स ९,६००, एजंटचं कमिशन दोन वर्षांत एकदा म्हणून वर्षाला ४,५००, रंग-नळ-दुरुस्तीचे सरासरी १०,०००. उरले ६६,९००. साडेसदतीस लाखांवर हे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास पडतं.

कर्ज काढलं तर? २५ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के, म्हणजे हप्ता साधारण २१,७००. भाडं आलं तरी दर महिन्याला १२,७०० खिशातून जाणार.

मग लोक घरं घेतात ते वेडे आहेत का? नाही. पण भाडं कशासाठी असतं हे समजून घ्यायला हवं. एफडीला ७ टक्के धरले आणि भाड्यातून पावणेदोन सुटले, तर नुसती बरोबरी करायला घराचा भाव दरवर्षी सव्वापाच टक्क्यांनी वाढायला पाहिजे. तोही सलग, पंधरा-वीस वर्षं. म्हणजे खरी कमाई भावात आहे. भाडं फक्त तोवर घर धरून ठेवायची ताकद देतं. म्हणून घर रिकामं पडणं आणि कागद कच्चा असणं, या दोन गोष्टी आपल्याला बुडवतात.

"विमानतळ आलाय, भाव वाढणार"

हे वाक्य सध्या सोलापुरात प्रत्येक एजंटच्या तोंडी आहे. बातमी खरी आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली आणि जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. पण ही बातमी मालकालाही माहिती आहे. त्याने ती सांगितलेल्या भावात आधीच धरलेली असते. भाडं मात्र विमानाकडे बघून ठरत नाही, भाडेकरूच्या पगाराकडे बघून ठरतं.

आणि भाडेकरू कोण? माझ्या वर्गातली निम्मी पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला गेली. इथे भाड्याने राहणारी माणसं म्हणजे रेल्वेचे आणि बँकांचे बदलीवाले, एनटीपीसीचे लोक, मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. त्यांचा पहिला प्रश्न विमानतळाचा नसतोच. तो असतो, "पाणी किती दिवसाआड?" उजनी भरलेलं असलं तरी आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा टाइल्स नंतर बघा. आधी बोअर किती चालतो, टाकी केवढी आहे, एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो का, हे वॉचमनला विचारा.

आमचा कच्चा कागद

आता आमची चूक सांगतो. पहिला फ्लॅट दिला तेव्हा स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार टाइप केला, नोटरी करून घेतली आणि विषय संपला असं समजलो. मुदत संपली तरी भाडेकरू सात महिने हलले नाहीत. त्यांचं म्हणणं, "तुमच्या वडिलांनी मुलीची दहावी होईपर्यंत राहा म्हणून सांगितलं होतं." मी पप्पांकडे बघितलं. पप्पा म्हणाले, "बोललो असेन बाबा. चहा पिताना माणूस बोलतो की."

वकिलांनी कागद बघितला आणि आधी मलाच झापलं. अकरा महिन्यांची युक्ती केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आली आहे. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरून चालतात आणि उलट सिद्ध करायचं काम मालकावर येतं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने चुकलेलो आम्ही होतो.

शेवटी दहावीची परीक्षा होईपर्यंत थांबलो, दोन महिन्यांचं भाडं सोडलं आणि चांगल्या शब्दांत निरोप घेतला. त्यांच्यावर माझा राग नाही. पक्का कागद असता तर त्यांनाही तारीख माहिती असती आणि त्यांनी आधीच दुसरं घर शोधलं असतं.

मालक एवढे घाबरतात का?

त्याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात प्रमाणित भाडं १९४० च्या पातळीला बांधलेलं होतं. १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे परवानाधारक घरात राहत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. अशा घरात भाडं नावापुरतं येतं, मग मालक दुरुस्ती करत नाही, आणि भाडेकरू गळक्या छताखाली राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही गोठलेली भाडी मनमानी ठरवली. त्यानंतरचा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

आज रस्ता आहे लिव्ह अँड लायसन्सचा. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. खर्च किती? ९,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट, २४ महिने. एकूण भाडं २,१६,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी ६,००० मिळवा. त्याचा पाव टक्का म्हणजे ५५५ रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी फी १,०००. वर किरकोळ फी आणि एजंटची मजुरी. आधार आणि अंगठा वापरून घरबसल्या होतं. एवढ्यासाठी आम्ही सात महिने झोप घालवली.

कराचं थोडक्यात

भाड्यातून तुम्ही भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्तीची बिलं वेगळी चालत नाहीत. कर्जाचं व्याजही वजा होतं, पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. "कर वाचतो" म्हणून घर घेत असाल तर आधी आपली प्रणाली कुठली ते बघा.

मग काय ठरलं?

दुसरा फ्लॅट घेतला नाही. पप्पांना महिन्याच्या खर्चाला पैसे लागणार, आणि पंधरा वर्षांनी भाव वाढेल हे त्यांच्या वयात कामाचं नाही. मोठा भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेला. तिथे मर्यादा ३० लाखांची आहे आणि व्याज दर तीन महिन्यांनी येतं. मी तिशीच्या आत आहे, मी थांबू शकतो. त्यामुळे पुढेमागे घेतलं तर माझ्या पैशातून घेईन.

पहिल्या फ्लॅटमध्ये आता रेल्वेतलं एक कुटुंब आहे. करार २४ महिन्यांचा, नोंदणीकृत. पप्पा अजूनही तिथे चहाला जातात. फक्त निघताना मी आठवण करतो, "मुदतीबद्दल काही बोलू नका हां."

तुमच्या गावात भाव किती आणि भाडं किती, ते कळवा. पुढच्या भागात तीच गणितं सोडवू. भेटूच.