तीळ, चट्टे आणि कर्करोग

सामुद्रिक जाणणारा अंगावरील तिळावरून भाग्य सांगतो. वैद्य मात्र त्यांतील पालट पाहतो. बहुतेक तीळ व चामखिळी जन्मभर निरुपद्रवी असतात. प्रत्येकाचें भय बाळगणें व्यर्थ; पण कातडीवरचें कांहींच कधीं बिघडत नाहीं, ही समजूत घातक होय.

हा बिघाड कसा होतो तें काश्मीरांत दिसून येतें. तेथें थंडींत निखाऱ्यांची कांगडी फेरनाच्या आंत, पोटाशीं धरतात. वर्षानुवर्षें धग लागून पोटावर व मांड्यांवर प्रथम जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, पुढें खरखरीत चट्टे उठतात, आणि एखाद्यांत कर्करोग मूळ धरतो. डॉ. एल्म्सली यांनीं १८६६ सालीं याची नोंद केली.

काळ्या तिळाच्या रूपानें येणाऱ्या कर्करोगाला धग लागत नाहीं. सांवळ्या वर्णाच्या माणसांत तो पुष्कळदां तळपायावर किंवा नखाखालीं उद्भवतो, म्हणूनच नजरेंतून सुटतो.

तीळ वाढूं लागला, कडा वेड्यावांकड्या झाल्या, एकाच तिळांत अनेक रंग दिसूं लागले, रक्त आलें किंवा चट्ट्याची जखम भरेनाशी झाली, तर घोड्याचा केस बांधणें किंवा चुना लावणें सोडून डॉक्टरकडे जावें. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला म्हणजे रोगाचें स्वरूप कळतें. वेळींच समूळ काढल्यास रोगी बहुधा पूर्ण बरा होतो. दवडलेले महिने मात्र परत मिळत नाहींत.