ग्लुटेनमुक्त व्हीगन जॅम कुकी

ग्लुटेनमुक्त व्हीगन जॅम कुकी हा गहू, अंडी व दुग्धजन्य पदार्थ न वापरता केला जाणारा, मध्यभागी जॅम भरलेल्या बिस्किटाचा प्रकार आहे. ग्लुटेन हे गहू, बार्ली व राय या धान्यांतील प्रथिन कणकेला चिवटपणा देते. ते नसल्याने येथे बांधणीसाठी वेगळे घटक लागतात.

कृती

तांदूळ व बदाम यांचे पीठ, साखर आणि खाद्य खोबरेल तेल एकत्र मळतात. एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून घालतात. खोबरेल तेल सुमारे २४° सेल्सियसखाली गोठते. त्यामुळे थंड केलेले गोळे भट्टीत कमी पसरतात. अंगठ्याने खळगा करून त्यात जॅम भरतात व १८०° सेल्सियसवर कडा तांबूस होईपर्यंत भाजतात. गरम कुकी ठिसूळ असल्याने ती ताटातच निवू देतात.

दक्षता

सीलिअ‍ॅक रोगात ग्लुटेनच्या अल्प मात्रेनेही लहान आतड्यास इजा होते. भारतात ‘ग्लुटेनमुक्त’ खाद्यपदार्थांसाठी प्रतिकिलो २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. गहू दळल्या जाणाऱ्या गिरणीतील तांदळाच्या पिठात गव्हाचे पीठ मिसळते. त्यामुळे अशा रुग्णांसाठी तांदूळ घरीच स्वच्छ भांड्यात दळणे अधिक सुरक्षित ठरते. जिलेटिन प्राणिजन्य असल्याने जॅम पेक्टिनयुक्त असावा लागतो.