व्हाइट हाउसचा नाताळ : लावलेले दिवे आणि न लावलेले दिवे

मार्गशीर्षात आमच्याकडे दत्तजयंतीच्या कीर्तनांची धांदल असते. ती ओसरते न ओसरते तोच ख्रिस्ती बांधवांचा नाताळ येतो. त्या नाताळाविषयी चार शब्द लिहावेत असे यंदा मनात आले. निमित्त मात्र दिवाळीचे आहे.

या आश्विनाच्या आरंभी आमच्या आळीतील एका घरचा कर्ता पुरुष अकस्मात निवर्तला. घरात नऊ-दहा वर्षांचा मुलगा. सुतक फिटले, तेरावा झाला आणि पाठोपाठ वसुबारस आली. साऱ्या आळीत आकाशकंदील चढले. त्या एका घराच्या ओसरीवर तेवढा अंधार राहिला. तिन्हीसांजेला तो मुलगा आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “आजोबा, कंदील लावला नाही तर बाबांना कळतं का? आणि लावला असता तर त्यांना वाईट वाटलं असतं का?” आम्ही उभा जन्म व्यासपीठावर काढला. पूर्वरंगात शंका उपस्थित करावयाची आणि तिचे समाधान करावयाचे, हाच आमचा व्यवसाय. परंतु त्या लेकरासमोर आम्हांस शब्द सुचला नाही. रूढी सांगता आली असती. त्याने रूढी विचारली नव्हती.

पुढे काही दिवसांनी आमच्या कीर्तनास नित्य येणारे एक गृहस्थ काही छायाचित्रे घेऊन आले. त्यांचे चिरंजीव वॉशिंग्टनजवळ नोकरीस आहेत. अमेरिकेच्या अध्यक्षांचे जे अधिकृत निवासस्थान, त्या व्हाइट हाउसमध्ये नाताळची आरास पाहावयास ते गेले होते, त्या वेळची ही चित्रे. छताला टेकलेला वृक्ष, हिरव्या डहाळ्यांची तोरणे, जिन्याच्या कठड्यांना गुंफलेले दिवे. तो मुलगाही तेथेच होता. “हे घर आहे की देऊळ?” असे त्याने विचारले. गृहस्थ हसले. आम्हांला मात्र तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही, आणि आम्ही त्या वास्तूविषयी मिळेल ते वाचू लागलो.

ते घरच आहे. १८०० साली दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स प्रथम तेथे राहावयास गेले, तेव्हा भिंतींचा गिलावाही पुरता वाळला नव्हता. तेथील सर्वांत प्रशस्त दालन म्हणजे ‘ईस्ट रूम’, अर्थात पूर्व दालन. ते अर्धवटच होते म्हणून अध्यक्षांच्या पत्नी ॲबिगेल ॲडम्स त्यात दोऱ्या बांधून धुणे वाळत घालीत. वाचकांनी हे दालन ध्यानात ठेवावे. पुढे त्याच्याशी काम आहे. (ऑक्टोबर २०२५ मध्ये पाडण्यात आली ती ‘ईस्ट विंग’ ही पूर्वेकडील जोडइमारत. दालन निराळे, ते मूळ वास्तूतले.)

नाताळचा वृक्ष या घरात फार उशिरा आला. १८८९ साली अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी नातवंडांच्या हौसेखातर वरच्या मजल्यावरील लंबवर्तुळाकार दालनात एक वृक्ष उभा करविला आणि त्यास मेणबत्त्या लावल्या. पाच वर्षांनी, १८९४ मध्ये, क्लीव्हलँड यांच्या कारकिर्दीत त्या जागी विजेचे दिवे आले. ही हौस सर्वांनाच होती असे नाही. थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष असताना, १९०२ च्या नाताळात, घरात वृक्ष नव्हता. तेव्हा त्यांच्या आठ वर्षांच्या आर्चीने एका सुताराच्या मदतीने मोठ्या कपाटात लहानसे झाड लपवून सजविले, आणि सकाळी सर्वांना कपाटापाशी नेऊन दार उघडले. त्यावर आईवडिलांना, भावंडांना भेटी होत्या. इतकेच नव्हे तर कुत्रा, मांजराचे पिल्लू आणि तट्टू यांनाही एकेक होती. पित्याने दुसऱ्याच दिवशी एका मित्राला पत्रातून ही हकिकत मोठ्या कौतुकाने कळविली. सत्तेचे घर असले तरी त्यात मूल असेल तर सण कोणत्या ना कोणत्या कपाटातून बाहेर येतोच!

आजची आरास मात्र फार मोठी. तिची देखरेख अध्यक्षांच्या पत्नीकडे असते. १९६१ साली जॅकेलीन केनेडी यांनी चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’ या नृत्यनाट्यावरून वृक्षाची सजावट करविली, आणि तेव्हापासून दरवर्षी एक कल्पना घेऊन तिच्याभोवती सारी सजावट बेतण्याची प्रथा पडली. मुख्य वृक्ष असतो निळ्या दालनात. तो सुमारे १८ फूट उंच. त्यासाठी तेथील झुंबर उतरवावे लागते आणि झुंबराच्याच जागी छताला वृक्षाचा शेंडा बांधून घेतात. १९६६ पासून हा वृक्ष नाताळवृक्षांची लागवड करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना पुरविते. ज्या शेतकऱ्याचे झाड स्पर्धेत पहिले येते त्याला हा मान. घोड्यांच्या गाडीतून झाड वाजतगाजत येते आणि अध्यक्षांच्या पत्नी ते दारात सामोऱ्या जाऊन स्वीकारतात. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण. तो झाला की निरनिराळ्या राज्यांतून आलेले शंभराहून अधिक स्वयंसेवक काही दिवस राबतात. कोणी माळा सोडवितो, कोणी शिडीवर चढून फिती बांधतो. भोजनदालनात आल्याच्या मसालेदार पोळीची आणि साखरेची, त्या वास्तूचीच प्रतिकृती मांडतात. आमच्याकडे एकादशीला देवळाच्या खांबांना फुले बांधणारे हात आम्ही पाहिले आहेत. हे हात त्यांच्याहून फार वेगळे नसावेत.

येथे आमच्यातील पंतोजी थोडा बोलू पाहतो, त्यास वाचकांनी क्षमा करावी. ‘अलंकार’ या शब्दातील ‘अलम्’ हे अव्यय मोठे चमत्कारिक आहे. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. जे वस्तूला पुरेपण आणते ते अलंकरण. पण याच ‘अलम्’ला तृतीया जोडली की अर्थ निषेधाचा होतो. ‘अलं शोकेन’ म्हणजे शोक पुरे. सजविणे आणि थांबविणे ही दोन्ही कामे एकच अव्यय करते. व्याकरण शिकविताना हे आम्ही शेकडो वेळा सांगितले. पण त्याचा जिवंत दाखला मिळाला तो या परक्या घराच्या इतिहासात.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात ओढली गेली. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, २४ डिसेंबरला, व्हाइट हाउसच्या दक्षिण अंगणात राष्ट्रीय नाताळवृक्षाचे दिवे लागले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या शेजारी ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल उभे होते. युद्धाच्या सावटातही मुलांना एक रात्र आनंदाची मिळू द्यावी, अशा आशयाचे ते बोलले. परंतु पुढची तीन वर्षे, १९४२, ४३ आणि ४४, त्या अंगणात वृक्ष उभा राहिला, त्यावर शाळकरी मुलांनी केलेली आभूषणे चढली, आणि दिवे मात्र लागले नाहीत. झाड सजलेले, पण अंधारात. युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, ट्रुमन यांनी ते दिवे पुन्हा लावले.

आता ते पूर्व दालन. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. त्यांची शवपेटिका याच दालनात ठेवली गेली. १८६५ मध्ये लिंकन यांची शवपेटिकाही येथेच ठेवली होती, म्हणून त्या वेळची व्यवस्था शोधून काढून झुंबरांना काळे शोकवस्त्र गुंडाळले गेले. त्या वर्षीची नाताळची शुभेच्छापत्रे छापून झाली होती. केनेडी दांपत्याने त्यांतील मोजक्या पत्रांवर सह्याही केल्या होत्या. पत्रावरचे चित्र कोणते? तर याच पूर्व दालनात मांडलेला, नेपल्सच्या कारागिरांनी अठराव्या शतकात घडविलेला, बाळ येशूच्या गव्हाणीचा देखावा! ती पत्रे कधी रवाना झाली नाहीत. अंत्यसंस्कार झाला तो २५ नोव्हेंबरला. त्या दिवशी धाकटा मुलगा तीन वर्षांचा झाला आणि दोन दिवसांनी मुलगी सहा वर्षांची. डिसेंबरच्या पहिल्या सप्ताहात माता मुलांना घेऊन त्या घरातून निघून गेली.

राष्ट्राने तीस दिवसांचा शोक पाळला. तोवर राष्ट्रीय वृक्ष काळोखात होता. मुदत पुरी होताच, २२ डिसेंबरला, नवे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्याचे दिवे लावले. दुसऱ्या दिवशी, २३ तारखेस, व्हाइट हाउसमधील काळे वस्त्र उतरले आणि त्याच जागी हॉलीच्या डहाळ्या व सदाहरित पाने चढली. एकाच दिवशी, त्याच झुंबरांवरून! संध्याकाळी जॉन्सन यांनी संसद सदस्यांना ऐनवेळी निमंत्रणे धाडून घरी बोलावले. हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून काही काळ स्वस्थ बसलो. आपल्याकडे दहाव्या-तेराव्याच्या विधींनी शोकाला जी चौकट घातली आहे, तशीच त्यांनी दिवस मोजून घातली होती. चौकट असल्यावाचून काळे वस्त्र उतरविण्याचे धैर्य कोणाला झाले असते?

तो गव्हाणीचा देखावा जेन एंगलहार्ड नावाच्या बाईंनी १९६७ मध्ये त्या घरास अर्पण केला, आणि तेव्हापासून दर नाताळात तो पूर्व दालनात मांडला जाऊ लागला. भाजलेल्या मातीच्या आणि लाकडाच्या त्या मूर्ती. आमच्या वाचक भगिनींना गौरीपुढच्या आराशीची आठवण व्हावी.

आणखी एक दिवा याच दालनात लागला, तो आपल्या परिचयाचा. १४ ऑक्टोबर २००९ रोजी, दिवाळी तीन दिवसांवर असताना, अध्यक्ष बराक ओबामा यांनी पूर्व दालनात दीपप्रज्वलन केले, आणि अंधारातून प्रकाशाकडे ने असे मागणारी बृहदारण्यकोपनिषदातील प्रार्थना एका हिंदू पुरोहिताने तेथे म्हटली. दिवाळीचा समारंभ अमेरिकी सरकारने २००३ पासूनच सुरू केला होता, पण तो शेजारच्या कार्यालयीन इमारतीत. अध्यक्षांनी स्वहस्ते ज्योत लावली ती या वेळी प्रथमच. परदेशातील आपल्या मराठी मंडळींनी त्या बातमीने किती आनंद मानला हे आम्हांस आठवते. आम्हांलाही झाला. आज मात्र मनात येते ते एवढेच, की ज्या दालनात ॲबिगेलबाईंच्या धुण्याचे पाणी ठिबकले आणि जेथे दोन हुतात्म्यांच्या शवपेटिका विसावल्या, तेथेच ती समई होती.

असो. परवा मुलगा पुन्हा ओट्यावर आला. आम्ही त्याला १९७९ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी ४ नोव्हेंबरला तेहरानमधील अमेरिकी वकिलातीचा ताबा घेऊन तेथील माणसांना ओलीस धरण्यात आले. डिसेंबरात अध्यक्ष जिमी कार्टर नेहमीप्रमाणे निवासाच्या दक्षिणेकडील मैदानात राष्ट्रीय वृक्षापाशी गेले. त्यांची बारा वर्षांची कन्या ॲमी हिने कळ दाबली. भोवतालच्या ५० लहान झाडांवर निळे दिवे लागले. वकिलातीत अडकलेल्या प्रत्येकासाठी एक झाड. मोठ्या वृक्षावर मात्र शेंड्यावरची चांदणी तेवढी उजळली, बाकी सारे झाड काळोखात राहिले. ते लोक घरी येतील तेव्हा उरलेले दिवे लावू, असे कार्टर यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. वर्ष उलटले, तरी बहुतेक जण परतले नाहीत. १९८० च्या नाताळात तो वृक्ष पूर्ण उजळला, परंतु केवळ ४१७ सेकंद. ओलिसांच्या बंदिवासाचे तितके दिवस झाले होते. ४१७ सेकंद म्हणजे सात मिनिटेही नव्हेत. आमच्या देवळातली शेजारती त्याहून लांबते. मग पुन्हा काळोख.

मुलगा बराच वेळ बोटांवर काही मोजीत होता.

“मग ते सुटले का?” त्याने विचारले.

“सुटले,” आम्ही सांगितले. “२० जानेवारी १९८१. चारशे चव्वेचाळीस दिवसांनी. उरले होते ते बावन्नच्या बावन्न.”

“तेव्हा नाताळ संपला असेल.”

“संपला होता. तरी त्या दिवशी झाडाचे सगळे दिवे लावले.”

तो उठला. त्याच्या ओसरीच्या आढ्याला कंदिलाची रिकामी दोरी अजून लोंबत होती. जाताना त्याने ती सोडवून नीट गुंडाळली आणि आत नेऊन ठेवली.