अधिक धाव झालेल्या मोटारींची विश्वासार्हता व दुरुस्ती : सणसवाडी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील सणसवाडी हे शिरूर तालुक्यातील औद्योगिक गाव होय. कारखान्यांच्या पाळ्यांनुसार कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या मोटारी येथे रात्रंदिवस धावतात. अनेक चालकांच्या दृष्टीने मोटार हेच उपजीविकेचे साधन असते. कर्जाचा हप्ता चालू असताना इंजिनकाम निघाले, तर खर्च वाढतो आणि त्याच वेळी उत्पन्नही थांबते. म्हणून मोटारीची झीज नेमकी कशी मोजावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

वर्षे, किलोमीटर आणि तास :
कायदा मोटारीचे वय वर्षांत मोजतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली, तीही २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. जुनी मोटार घेणारा मात्र किलोमीटर पाहतो. इंजिनाची झीज या दोहोंपेक्षा ते किती तास व कशा स्थितीत चालले, यावर अधिक अवलंबून असते.

उदाहरणार्थ, ३ लाख किलोमीटर धावलेल्या दोन मोटारी घेऊ. ताशी सरासरी ५० किलोमीटर वेगाने धावलेल्या मोटारीचे इंजिन ६,००० तास चालले. वाहतूक कोंडीत सरासरी २० किलोमीटर वेगाने धावलेल्या मोटारीचे १५,००० तास. दोहोंचे मीटर सारखेच आकडे दाखविते, परंतु दुसऱ्या इंजिनाने अडीचपट काम केलेले असते. दर १०,००० किलोमीटरला ऑइल बदलल्यास पहिल्या मोटारीत ते २०० तास, तर दुसऱ्या मोटारीत ५०० तास वापरले जाते.

झीज व दुरुस्ती :
याच महामार्गावरील रांजणगाव येथील फियाटच्या कारखान्यात १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होत असे. भारत स्टेज ६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली आणि त्या सुमारास हे इंजिन बंद झाले. तथापि त्यावरील जुन्या मोटारी आजही रस्त्यावर आहेत. या इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी साखळी असते. साखळीचे वंगण व तिचा ताण दोन्ही ऑइलवर अवलंबून असल्याने जुन्या ऑइलमुळे ती सैल पडू शकते. टर्बोचार्जरच्या बेअरिंगलाही हेच ऑइल मिळते. ज्या इंजिनांत रबरी बेल्ट असतो, तेथे तो मुदतीत न बदलल्यास तुटतो आणि बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. किरकोळ सुट्या भागाच्या दुर्लक्षातून मोठे हेडकाम उद्भवते, ते असे.

कोंडीत क्लच प्लेट व ब्रेकही लवकर झिजतात. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सुचवितो. कूलंट वारंवार कमी होणे हे गळतीचे किंवा हेड गॅस्केट निकामी झाल्याचे लक्षण असू शकते.

निष्कर्ष :
मोठा आकडा हा स्वतः दोष नव्हे, तसेच लहान आकडा ही हमी नव्हे. कोंडीत चालणाऱ्या मोटारीचे ऑइल ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलणे इष्ट होय. प्रत्येक दुरुस्तीची दिनांकासह नोंदवही ठेवल्यास चालकाला पुढील खर्चाचा अंदाज येतो आणि खरेदीदाराला मीटरपेक्षा अधिक विश्वासार्ह पुरावा मिळतो.