स्लाइड, मगलेशा आणि घसरगुंडी

बागेत आजी म्हणते, “घसरगुंडीवरून जपून ये गं!” नात ओरडते, “आजी, मगलेशा!” आणि तिच्या इंग्रजीच्या वहीत त्याच चित्राखाली ‘स्लाइड’ लिहिलेले असते. वस्तू एकच, नावे तीन. मात्र तिन्ही शब्दांचा पसारा सारखा नाही.

‘स्लाइड’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘स्लीडन’ या क्रियापदापासून आला. अर्थ, गुळगुळीत पृष्ठभागाला न सोडता सरकत जाणे. बर्फावरची ‘स्लेड’ ही त्याच घराण्यातली. ‘स्लेज’ आणि ‘स्ले’ हे तिचे भाऊबंद मात्र डच भाषेतून इंग्रजीत आले.

मग सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेला स्लाइड का म्हणतात? कारण ती सरकवून जागेवर बसवतात. जुन्या मॅजिक लँटर्नमध्येही दिवा आणि भिंग यांच्यामध्ये चित्र रंगवलेली काच सरकवीत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1890च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ नावाने असेच खेळ केले. काचांवरची चित्रे हाताने रंगवलेली असत. पुढे 35 मिलिमीटर फिल्मचे तुकडे पुठ्ठ्याच्या चौकटीत आले. 1987मध्ये पॉवरपॉइंट आले. आता पडद्यावर काहीच सरकवावे लागत नाही, तरी नाव स्लाइडच राहिले.

हिब्रूने येथे वेगळी वाट धरली. पडद्यावरच्या स्लाइडला हिब्रूत ‘शकुफीत’ म्हणतात, ‘शाकुफ’ म्हणजे पारदर्शक यावरून. इंग्रजीने काचेची हालचाल पाहिली, हिब्रूने तिच्यातून आरपार जाणारा उजेड पाहिला. मराठीने मात्र सरळ ‘स्लाइड’ उचलला.

बागेतली मगलेशा ‘गालाश’ या धातूची. हा धातू शीर हाशीरीममध्ये गिलाद डोंगरावरच्या शेळ्यांच्या कळपाच्या वर्णनात येतो. आज त्यावरून बर्फावरचे स्कीइंग, लाटांवरचे सर्फिंग आणि इंटरनेटवरची भटकंतीसुद्धा सांगतात. गंमत म्हणजे चुलीवरचे दूधही हिब्रूत ‘गालाश’ होते. आपल्याकडे ते उतू जाते.

येथेच मुले अडखळतात. इंग्रजी किंवा हिब्रू शब्द मनात धरून ती सगळीकडे ‘घसरले’ लिहितात. मराठीत पाय घसरतो, खुर्ची सरकते, ओला साबण हातातून निसटतो. पावसाळ्यात कोकणच्या घाटात होते त्याला इंग्रजीत ‘लँडस्लाइड’ म्हणतात, पण दरड घसरत नाही, कोसळते. “दूध घसरले” असे वाचून आजी हसेल, आणि मूल पुढच्या वेळी तेच वाक्य इंग्रजीत बोलेल. म्हणून ही चार-पाच क्रियापदे तिच्याच तोंडून, स्वयंपाकघरात उभे राहून ऐकलेली बरी.

घसरगुंडी मात्र फक्त बागेतच नसते. मराठी वर्तमानपत्रांत रुपयाची घसरगुंडी होते, बाजारभावाची होते, क्रिकेटमध्ये तर भरवशाच्या फलंदाजीचीही होते.