तुरुंगवासाला ७२ गुण

आयुष्यातल्या कोणत्या घटनेचा मनावर किती भार पडतो, हे मोजणारी गाजलेली पट्टी थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये मांडली. तिच्यात ४३ घटना आहेत. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण, तुरुंगवासाला ६३, तर लग्नालाही ५०. कारण प्रसंग आनंदाचा असला तरी रोजची घडी मोडते. गुरमीत सिंग व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये भारतीयांसाठी ५१ घटनांची पट्टी तयार केली. तिच्यात तुरुंगवासाचे गुण ७२ झाले आणि जवळच्या नातेवाइकाचा तुरुंगवासही त्यातच धरला गेला. कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात एकजण जातो, तेव्हा या हिशेबाने त्याच्या घरावरही तितकाच भार येतो.

संकटात शरीर कॉर्टिसोल हे संप्रेरक सोडते. संकट टळले की ते ओसरते. निकाल न लागलेल्या कच्च्या कैद्याला मात्र तारखेमागून तारीख पडते. धास्ती संपत नाही, झोप उडते. पुढे चिंताविकार किंवा नैराश्य जडू शकते.

तरीही सारखे गुण असलेली दोन माणसे सारखीच आजारी पडत नाहीत. या फरकामागे आनुवंशिकता, आधीचे आघात, माणसांचा आधार यांच्याबरोबर जीवनसमाधानही असते. ते मोजण्यासाठी एड डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये पाच विधानांची प्रश्नावली दिली. तिचे गुण ५ ते ३५ असतात. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार जुळ्यांचा २० वर्षे मागोवा घेतला असता, असमाधानी व्यक्तींमध्ये आत्महत्येचा धोका अधिक आढळला. मात्र नैराश्य स्वतःच समाधान पोखरते, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे दर वेळी वेगळे काढता येत नाही.

समाधान म्हणजे ताणाचा अभाव नव्हे. नाती, हाताला काम आणि आपल्या आयुष्यावर थोडाफार ताबा यांवर ते उभे राहते. तुरुंगात ताबा जवळजवळ संपतो, म्हणून उरलेल्या दोन गोष्टींचे मोल वाढते. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कळंब्याच्या बंद्यांनी वळले आहेत. एरवी नातेवाइकांची मुलाखत जाळीआडून होते. ‘गळाभेट’ उपक्रमात बंद्याला आपल्या मुलांना जवळ घेता येते. अशा भेटीचा आधार आतल्याला मिळतो, तसाच बाहेरच्या मुलालाही.

जडलेल्या आजाराला मात्र उपचारच लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय बंधनकारक आहे. बाहेरच्या कुटुंबांसाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे.